शिवून घेतलेला खांदा

बाबांना आंघोळीसाठी उचलणं हे माझं काम होतं. वय चौऱ्याऐंशी, पायांतलं बळ गेलेलं, डोकं शाबूत आणि जीभ डोक्याहून शाबूत. लालबागच्या आमच्या चाळीत मोरी खोलीतच आहे, त्यामुळे पलंगापासून आंघोळीच्या पाटापर्यंतचं अंतर सात पावलांचं. रोज सकाळी मी त्यांच्या काखांखाली हात घालून त्यांना उभं करायचो, छातीशी घट्ट धरायचो आणि उलटा चालत मोरीपर्यंत न्यायचो. ते माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचे. आज संकष्टी आहे, गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, असल्या सूचना मला त्या सात पावलांत मिळायच्या.

एका सकाळी माझा उजवा हात वर आलाच नाही. त्यांना अर्धंअधिक उभं केलं असेल, आणि खांद्याच्या आत कुणीतरी धरलेलं सोडून दिल्यासारखं झालं. बाबा सावकाश पुन्हा पलंगावर बसले. पडले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय रे, रात्री जेवलंस नाय?"

तो खांदा त्याआधी दोन वर्षं दुखत होता. मी त्याचं खापर उशीवर, पंख्यावर आणि वयावर फोडून मोकळा झालो होतो. दादरच्या एका ग्रंथालयात मी तीस वर्षांहून अधिक काळ नोकरीला आहे. आमच्याकडे जुन्या मासिकांचे बांधीव खंड अगदी वरच्या फळीवर ठेवतात, कारण ते कुणी मागत नाही. वर्षातून दोनदा एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी येतो, चार दिवस ते सगळे खंड खाली काढायला लावतो आणि प्रबंधात ग्रंथालयाचे आभार मानतो, ग्रंथालयाचं नाव चुकवून. एकेक खंड तीन-चार किलोचा. ते वर ठेवताना हात डोक्यावर नेऊन ताणावा लागतो. ग्रंथांनी माणसाची उंची वाढते असं मी आमच्याच सभागृहात कितीतरी अध्यक्षीय भाषणांत ऐकलं आहे. उंचीचं माहीत नाही. खांद्याचं मात्र मी सांगू शकतो.

परळच्या एका रुग्णालयात दाखवायला गेलो. प्रवेशदालनात काचेचं कारंजं होतं आणि त्याच्या मागे भिंतभर अक्षरांत 'आपलं आरोग्य, आमचं कुटुंब' असं लिहिलेलं होतं. मी ते तीनदा वाचलं. आरोग्य कुणाचं आणि कुटुंब कुणाचं, हे नंबर येईपर्यंत लागलं नाही. डॉक्टर मात्र बरे निघाले. चाळिशीतले, शांत, समोरच्याला समजेपर्यंत सांगणारे. एमआरआयचं चित्र पडद्यावर लावून त्यांनी विचारलं की पडलात का, झटका बसला का, काही जड उचललंत का. मी म्हटलं, वडिलांना उचलत होतो. ते म्हणाले की ते फक्त शेवटचं निमित्त.

मग त्यांनी सांगितलं ते असं. खांद्याच्या गोल हाडावर चार स्नायूंच्या कंडरा टोपीसारख्या बसलेल्या असतात. कंडरा हा शब्द माझा, कोशातला. ते टेंडन म्हणत होते. हात वर जाताना या कंडरा हाडाला जागेवर धरून ठेवतात. त्यांतली सगळ्यांत वरची एका हाडाच्या कमानीखालून जाते आणि जिथे ती चिकटते तिथे मुळातच रक्त कमी पोचतं. हात वर्षानुवर्षं वर जात राहिला की तिचे दोन-चार तंतू सुटतात. दुखतं, थांबतं. शरीर आपल्या परीने डागडुजी करतं, पण वय वाढतं तशी डागडुजी कच्ची होत जाते. उरलेले तंतू भार घेत राहतात, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. कित्येकांना तर कधीच दुखत नाही. मग एखाद्या दिवशी बाकीचंही सुटतं.

"म्हणजे गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीसारखं," सोबत आलेली माझी बायको म्हणाली. "खिळ्यावर घासते तिथेच तुटते. आणि तुटते त्या दिवशी दोरीवर नेमका रुमाल असतो."

डॉक्टरांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. हे वाक्य ते पुढच्या पेशंटला सांगणार हे मला दिसलं.

तशीच सोडली तर काय होतं, असं मी विचारलं. कंडरा मागे मागे सरकत जाते, ते म्हणाले, आणि तिचा स्नायू हळूहळू चरबी होऊन जातो. काही वर्षांनी शिवायचं म्हटलं तरी शिवायला कापडच उरत नाही. माणसं मग सवय करून घेतात. केस विंचरताना हात वर नेण्याऐवजी डोकं खाली आणतात. वरच्या फळीवरचं काही काढायचं टाळतात. घरच्यांना वाटतं, वय झालं.

ते हे सगळं माझ्याबद्दल सांगत होते. मला मात्र डोकं खाली वाकवून विंचरणारा माणूस दिसत होता, आणि तो मी नव्हतो.

बाबा कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी परत उघडली नाही. मग रे रोडला एका लाकडाच्या वखारीत लागले. फळ्या खांद्यावर घ्यायच्या, न्यायच्या आणि पुरुषभर उंचीच्या थप्पीवर चढवायच्या. पन्नाशीच्या सुमाराला त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला. त्यांनी तसं कधी सांगितलं नाही. एवढंच झालं, की माळ्यावरची ट्रंक असो नाहीतर फळीवरचा पिठाचा डबा, ते आईला किंवा मला सांगायचे, काढ. देवाच्या फळीवर दिवा लावायचा तर स्टुलावर चढायचे. मी नुकताच ग्रंथालयात लागलो होतो आणि शब्दांचा माज होता. मी त्यांचं नाव नवाब ठेवलं. नवाबांचा हुकूम झाला, ट्रंक काढा. नवाबांना पीठ पाहिजे. आईला ते आवडलं, तिने उचललं, मग गॅलरीतल्या सगळ्यांनी. आई जाईपर्यंत त्यांना नवाबच म्हणत होती. मी तर परवापरवापर्यंत म्हणत होतो. ते हसायचे.

डॉक्टरांना मी एकच गोष्ट स्पष्ट विचारली, की वडिलांना पुन्हा उचलता येईल का. नुसत्या व्यायामाने दुखणं कमी होईल, ते म्हणाले, पण उभ्या माणसाचं वजन त्या हातावर घेता येणार नाही. ऑपरेशन केलं आणि कंडरा नीट चिकटली, तर सहा महिन्यांनी येईल. मी कागदांवर सही केली ती मोरीपर्यंतच्या त्या सात पावलांसाठी. ग्रंथालयाचे खंड खाली राहिले असते तरी मराठी साहित्याचं काही अडत नव्हतं.

घरी येऊन सहा महिन्यांचं बाबांना सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला. "सहा महिने? विचारून सांगतंय," म्हणाले, आणि डाव्या हाताचं बोट छताकडे केलं.

ऑपरेशन चार बारीक भोकांतून झालं. हाडात छोटे खिळे बसवून त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडावर आवळली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा त्यांनी एक गोष्ट दोनदा सांगितली. दोरे कंडरेला बरं करत नाहीत. ते तिला नुसतं हाडावर दाबून धरतात. चिकटायचं काम तिचं तिने करायचं असतं, आणि त्याला तीन महिने लागतात. पहिले काही दिवस सूज. मग तिथे नवीन पेशी भरायला लागतात, पण त्या ओल्या गिलाव्यासारख्या, नुसत्या थापलेल्या. त्यांना तंतूंचा आकार यायला वेळ लागतो. सहा आठवडे हात पट्ट्यात राहील. आपण होऊन वर न्यायचा नाही. दुसऱ्याने धरून हलवला तर चालेल. मग म्हणाले, "चौथ्या-पाचव्या आठवड्यात दुखणं थांबेल. दुखणं थांबेल तेव्हा जपा. तेव्हाच लोक चुका करतात."

कमरेला उशी आणि उशीवर बांधलेला हात, अशा थाटात मी घरी आलो. बाबांच्या पलंगासमोर खुर्ची टाकली गेली, कारण आडवं झोपता येत नव्हतं. एकाला उठता येत नव्हतं, दुसऱ्याला आडवं होता येत नव्हतं. बायको दोघांमधून ये-जा करताना म्हणायची, "सरकारी कचेरीत आल्यासारखं वाटतंय. दोन माणसं बसलेली, काम एकाचंही नाही."

पहिल्या सकाळी ती मला सदरा घालायला लागली. तिने माझा चांगला हात बाहीत घातला आणि मग दुखरा हात ओढून बाहीकडे आणायला लागली. मी कळवळलो. पलंगावरून बाबा म्हणाले, "तसा नाय गो. दुखरो हात आधी घाल. बरो हात आपलो आपण जाता." तिने सदरा काढला आणि त्यांनी सांगितलं तसा घातला. सहज गेला. "काढताना उलटा," ते म्हणाले. "बरो हात आधी काढूचो."

दोन दिवसांनी फिजिओथेरपिस्ट आली. पंचविशीतली मुलगी, हातात छापील पत्रक. पत्रकातली पहिली आकृती सदऱ्याची होती. आधी ऑपरेशनचा हात, मग दुसरा. काढताना उलट. मी तिला म्हटलं की हे आम्हाला आधीच कळलं. ती खूश झाली. कुणी शिकवलं, विचारलं. मी बाबांकडे बोट केलं. तिने त्यांना विचारलं, "आजोबा, तुमचं पण ऑपरेशन झालंय का?"

"नाय," बाबा म्हणाले. "आमचा तसाच."

ती गेल्यावर मी विषय काढला. ते मालवणी बोलतात, मी पुस्तकी बोलतो. आमच्यात गंभीर काही बोलायचं झालं की दोघांच्याही भाषेची अडचण होते. मी म्हटलं, "बाबा, तुमच्याही खांद्यात हेच झालं होतं. हीच कंडरा तुटली होती."

"काहीतरी तुटला होता ता माका म्हायत होता."

"कधी? वखारीत?"

"एकदम नाय रे. रोज थोडा थोडा."

सांगितलं का नाही, असं मी विचारलं. त्यांनी माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. "सांगितला असता तर वखारवाल्यान दुसरो माणूस घेतलो असतो," म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की पुढची दहा वर्षं त्यांनी फळ्या डाव्या खांद्यावर वाहिल्या, आणि थप्पीवर चढवायची वेळ आली की जोडीदाराला विडी द्यायचे. तो चढवायचा.

मला जे म्हणायचं होतं ते मी तीन-चार वाक्यांत रचून ठेवलं होतं. त्यातलं एकही धड आलं नाही. "आणि मी तुम्हाला नवाब म्हणायचो," एवढंच निघालं.

"लुळो म्हणण्यापरास बरा," बाबा म्हणाले. "नवाब म्हटल्यार कोण विचारूक येणा नाय."

म्हणजे तीस वर्षं माझा विनोद त्यांना आडोशासारखा उपयोगी पडला होता. मला वाटतं, त्यांनी हे मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. मला बरं वाटलं नाही. नंतर मी डॉक्टरांना विचारूनही आलो की इतक्या वर्षांनंतर त्यांच्या हाताचं काही होईल का. त्यांनी वय विचारलं आणि नकारार्थी मान हलवली.

बाबांच्या आंघोळीची तोवर वेगळी व्यवस्था झाली होती. शेजारच्या खोलीतला एक भला माणूस कामावर जाण्याआधी येऊन त्यांना उचलायचा, बायको मदत करायची. बाबांना ते आवडत नव्हतं. तक्रार केली नाही, पण एक दिवसाआड पुरे म्हणाले, मग दोन दिवसांआड, मग नुसतं ओल्या फडक्याने अंग पुसलं तरी चालेल म्हणाले. मी खुर्चीत बसून हे बघायचो. रोज सकाळी वाकून उजवा हात लोलकासारखा सैल सोडायचा आणि शरीर हलवून त्याला झुलू द्यायचा, असा व्यायाम होता. बाबा तो लक्ष देऊन बघायचे. "आता किती आठवडे?" विचारायचे. मी सांगायचो. कॅलेंडरवर मी पेन्सिलीने खुणा करत होतो, तेही डाव्या हाताने, म्हणून त्या वाकड्या.

पाचव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले होते तसं दुखणं जवळजवळ गेलं. पट्टा कशाला आहे हेच आठवेनासं झालं. त्याच आठवड्यात बाबांना ताप आला. तिसऱ्या दिवशी खालच्या दवाखान्यातले डॉक्टर घरी येऊन गेले, छातीत कफ आहे म्हणाले, दाखल करा म्हणाले. बाबांनी नको म्हटलं. आम्ही संध्याकाळपर्यंत वाट बघू म्हटलं, मग सकाळपर्यंत. सकाळी त्यांनी अर्धा कप चहा घेतला आणि मला गॅलरीकडे तोंड करून वळव असं सांगितलं. सांगितलं मला, पण वळवलं बायकोने. मी फक्त त्यांची उशी सरळ केली. अर्ध्या तासाने ते गेले.

दुपारपर्यंत चाळीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला होता. त्यावर बाबांचा फोटो होता, रेशनकार्डावरून मोठा केलेला, आणि त्यांच्या वर हात जोडलेल्या स्थानिक नेत्याचा, त्याच्या दुप्पट. गेलेला कोण आणि राहिलेला कोण, हे नवख्या माणसाला ओळखता आलं नसतं.

आमचा जिना लाकडी, अरुंद आणि मध्ये काटकोनात वळणारा आहे. तिरडी त्या वळणात मावत नाही. म्हणून चाळीची एक ठरलेली रीत आहे. दोन उंच माणसं आधी वळणाखाली जाऊन हात सरळ वर धरून उभी राहतात. वरचे दोघे कठड्यावरून तिरडी सरकवतात, आणि काही क्षण तिचा सगळा पुढचा भार खालच्या दोघांच्या वर केलेल्या हातांवर असतो. हे सगळं पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त पोस्टमन काका सांभाळतात. चाळीत कुणी गेलं की गुरुजींच्या आधी त्यांना बोलावणं जातं. मी उंच आहे. गेली पंचवीस वर्षं वळणाखालच्या दोघांत एक मी असायचो. आईच्या वेळीही होतो.

या वेळी काकांनी माझ्या पट्ट्याकडे बघितलं आणि माझ्या जागी माझ्या बहिणीच्या नवऱ्याला उभं केलं. मला गुरुजींनी विस्तवाचं मडकं शिंक्यात घालून डाव्या हातात दिलं. ते अग्नी देईपर्यंत कुठे टेकवायचं नाही, असं बजावलं. काका म्हणाले, तू मडकं घेऊन थेट खाली जा, वळणाशी थांबू नको.

मी वळणाशी थांबलो.

काकांच्या सूचना वरून ऐकू येत होत्या. पुढचे हात वर. मागचे सरकवा. घाई करू नका, त्यांना आता कुठे वेळेवर पोचायचं नाहीये. तिरडीची कड कठड्यावरून बाहेर आली. बहिणीचा नवरा माझ्याहून चार बोटं बुटका. तो चवड्यांवर उभा राहिला आणि त्याचे हात थरथरायला लागले. तिरडी पडत नव्हती. हे मला नीट आठवतं आणि मी इथे तसं लिहून ठेवतो. तो थरथरत होता, पण त्याने धरलं होतं, आणि दुसऱ्या बाजूचा माणूस दणकट होता. माझ्यावाचून ती खाली आली असती.

मी मडकं पायरीवर ठेवलं. पट्ट्याची चिकटपट्टी ओढून सोडवली. तिचा टर्रकन आवाज झाला आणि वर काकांनी मान वळवली. मी बहिणीच्या नवऱ्याच्या शेजारी उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले. डावा सहज गेला. उजवा जड, ओशाळल्यासारखा वर गेला, पण गेला. बांबू तळव्याला लागला.

"अरे, तुझा हात," काका म्हणाले. मग त्यांनी पाहिलं की आता मध्येच सोडणं जास्त वाईट. हळू आवाजात म्हणाले, "धरलंयस तर नीट धर."

बाबांचं वजन फार नव्हतं. तापाच्या चार दिवसांनी त्यातलंही गेलं होतं. मी पाच आठवडे, आणि त्याआधीचा ऑपरेशनच्या तारखेची वाट बघण्याचा महिना, ज्या वजनासाठी थांबलो होतो ते माझ्या डोक्यावर दोन बांबूंवर होतं, आणि ते उचलायची ही एवढीच वेळ होती. सहा महिन्यांनी हात तयार झाला असता तेव्हा उचलायला कुणी नव्हतं. मी विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. पण हे मला माहीत होतं.

पंधरा-वीस सेकंद गेले असतील. खांद्यात मोठं काही झालं नाही. सदऱ्याचं बटण तुटण्याआधी त्याचा दोरा जसा थोडा सैल होतो, तेवढंच आत जाणवलं, आणि मग कोमट लागलं. तिरडी वळली. मी हात खाली घेतला, पट्टा बांधला, मडकं उचलून पुढे झालो. गुरुजींनी मडकं टेकवलेलं पाहिलं होतं. पुढे स्मशानात मंत्र म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

खाली रस्त्यावर नेते आले. त्यांनी बाबांना खांदा दिला. सपाट रस्ता, दहा पावलं, दोन मोबाइल समोर. मग मागच्याने त्यांची जागा घेतली आणि ते गाडीकडे गेले. त्यांचा खांदा निरोगी असावा.

बायकोने मला जिन्यात वरून पाहिलं होतं. तेरावं होईपर्यंत ती त्याबद्दल बोलली नाही. मग एके दिवशी सदरा घालताना म्हणाली, "डॉक्टरांना सांगणार आहात ना?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "बघू नका. सांगा." मी सांगितलं नाही. फिजिओथेरपिस्टने मात्र सातव्या आठवड्यात हात धरून वर नेताना मध्येच थांबून विचारलं, की सर, मध्ये काही झालं का. वडील गेले, मी म्हटलं. तिला वाईट वाटलं. मग ती चाचरत म्हणाली, "तसं नाही. खांद्याला काही?" मी नाही म्हटलं. आयुष्यभर नेत्यांच्या भाषणांतल्या थापा मोजत आलो आहे. ही माझी सफाईने मारलेली एक.

पट्टा सुटला, व्यायाम वाढले. हात खांद्याइतका वर येऊ लागला आणि तिथे थांबला. दुखत नव्हता. जोर नव्हता. चौथ्या महिन्यात पुन्हा स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी चित्र पडद्यावर लावलं. या वेळी मलाही दिसलं. खिळे जागेवर होते, दोरे हाडाकडेच राहिले होते आणि कंडरा त्यांच्यातून निसटून मागे गेली होती.

त्यांनी विचारायच्या आत मी सांगितलं. जिना, वळण, तिरडी, वीस सेकंद. बायको शेजारी खाली बघत बसली होती. त्यांना राग येईल असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "आवाज आला होता का? खूप दुखलं का त्या वेळी?" मी नाही म्हटलं.

मग नक्की सांगता येणार नाही, ते म्हणाले. तुमच्या वयात, झिजलेल्या कंडरेचं, सगळं नियमाने करूनही काही जणांचं चिकटतच नाही. त्या दिवशी तुटलं असेल. त्याच्या आधीच सुटत आलं असेल. नंतरही सुटलं असेल. सरळ दोष मिळाला असता तर मी तो घेतला असता, कदाचित जपूनही ठेवला असता. त्यांच्याजवळ तो नव्हता.

पुन्हा शिवता येईल, ते म्हणाले. दुसऱ्या वेळी अवघड असतं, यशाची खात्री कमी, पुन्हा सगळे आठवडे पहिल्यापासून. दुखत नसेल तर कित्येक जण करत नाहीत. तुम्हाला या हाताने काय काय करायचं असतं त्यावर आहे. मी ग्रंथालयाचं सांगितलं, आणि हेही, की वरच्या फळीवरचं काढायला आता दुसऱ्याला सांगतो. निवृत्तीला वर्षभर आहे. जेवता येतं, लिहिता येतं, केस विंचरता येतात.

"आणि घरी?" त्यांनी विचारलं. "घरी काही उचलावं लागतं?"

मी नाही म्हटलं.

त्यांनी फायलीत लिहिलं. मला उलटं वाचायची सवय आहे, काउंटरच्या पलीकडच्या चिठ्ठ्या वाचून वाचून झालेली. पेशंट कामापुरता हात वर करू शकतो, तूर्त ऑपरेशनची गरज नाही, असं इंग्रजीत लिहिलं होतं. ज्यासाठी सही केली होती ते काम उरलेलं नव्हतं, त्यामुळे वाक्यात चूक काढण्यासारखं काही सापडलं नाही. मी फाइल डाव्या हाताने घेतली आणि आम्ही उठलो.